सोसायटीत पुन्हा पुन्हा साप निघतोय? आधी साप कोणता ते सांगा

सर्पमित्राला फोन होतो. तो येतो, साप पकडतो, पिशवीत घालून घेऊन जातो. ग्रुपवर फोटो पडतात, हात जोडलेले इमोजी पडतात. पंधरा-वीस दिवसांनी त्याच पार्किंगमध्ये, बहुधा त्याच खांबापाशी, पुन्हा साप. मग ग्रुपवर तीन पक्ष पडतात. एक म्हणतो पेस्ट कंट्रोल करा, दुसरा म्हणतो कार्बोलिक अ‍ॅसिड टाका आणि तिसरा म्हणतो, तो सर्पमित्रच रात्री आणून सोडत असणार.

पुण्याच्या पश्चिमेला बावधन, सूस, पाषाण, वारजे या पट्ट्यात मी साप पकडायला जातो, त्यामुळे तिसऱ्या पक्षाचं मत तोंडावर ऐकून झालंय. त्यावर माझं उत्तर एकच: एकाच इमारतीत पुन्हा पुन्हा जावं लागतंय, याचा अर्थ साप ज्यासाठी येतो ते अजून तिथेच आहे. आणि ते काय आहे हे सापच सांगतो. कोणता साप, नेमका कुठे, कोणत्या महिन्यात आणि किती वाजता, एवढं कळलं तर निम्मं निदान फोनवरच होतं. प्रत्यक्षात फोनवर कळतं ते असं:

"दादा, लवकर या, फार मोठा आहे."
"रंग कसा आहे? अंगावर ठिपके, पट्टे काही?"
"फार मोठा आहे हो!"

म्हणून पहिलं काम: सिक्युरिटी केबिनमध्ये ज्या रजिस्टरात कुरिअरवाले सही करतात, त्याच्याच मागच्या पानापासून सापांची नोंद सुरू करा. तारीख, वेळ, जागा आणि लांबून झूम करून काढलेला फोटो. आणखी एक गोष्ट सगळ्या वॉचमनना सांगून ठेवा. साप दिसला की आठ-दहा पावलं मागे उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची. काठी घेऊन मागे लागलं की तो नळीत किंवा एखाद्या स्कूटरच्या पुढच्या भागात शिरतो आणि मग दोन तास सगळेच अडकतात.

कोणता साप, म्हणजे काय बिघडलंय

धामण वारंवार दिसते? तुमच्याकडे उंदीर-घुशी आहेत, आणि भरपूर आहेत. लांबलचक, पिवळसर-तपकिरी, दिवसाढवळ्या फिरणारी, माणूस दिसला की सुसाट पळणारी. बिनविषारी. "नाग निघाला" म्हणून येणाऱ्या फोनपैकी कितीतरी धामणीचे असतात. तिला नेलं तर उंदीर खाणारं एक तोंड कमी झालं. उंदीर तसेच राहिले, मग त्यांच्यामागे पुढचं कोण येईल ते तुमच्या हातात नाही. तो नाग असू शकतो, घोणस असू शकते.

दिवड दिसते? पाणी आणि बेडूक. कारंज्याची बंद पडलेली टाकी, कमळाचं कुंड, तुंबलेलं पावसाळी गटार, कुठेतरी गळणारा बागेचा पाइप. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतात. चावायला तयार असते, पण विष नाही. गटार वाहतं करा, टाकी एकतर चालू ठेवा किंवा कोरडी करा. इथे प्रश्न मिटतो.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर बाथरूममध्ये किंवा ट्यूबलाइटच्या मागे साप निघाला तर तो बहुतेक वेळा कवड्या असतो, पालींच्या मागावर भिंत चढून आलेला. बिनविषारी. मात्र लोक त्याला मण्यार समजतात आणि, जे जास्त वाईट, मण्यारीला कवड्या समजतात. मण्यार चकचकीत काळी, अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. ते डोक्यापासून थोडं मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी असतो, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरळ होतात. हे वाचून स्वतः खात्री करायला जवळ जाऊ नका. फोटो पाठवा.

मण्यार रात्रीची फिरते आणि तिच्या खाण्यात इतर साप आणि पालीही येतात. सोसायटीत तिचा धोका सगळ्यात जास्त कोणाला? फ्लॅटवाल्यांना नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या वॉचमनला, शेजारच्या साइटवरच्या मजुरांना, मीटर रूमच्या बाजूला राहणाऱ्या माळीकाकांच्या कुटुंबाला. तिचा दंश झोपेत कळत नाही, सूजही येत नाही. पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, असं म्हणत माणूस पहाटे उठतो. सोसायटीने त्यांना खाट आणि गादीखाली खोचता येईल अशी मच्छरदाणी द्यावी. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे आणि मीटिंगमध्ये हाच कुणी सुचवत नाही.

झाडाची फांदी गॅलरीला टेकलीय आणि गॅलरीत तस्कर किंवा हरणटोळ असा झाडावर चढणारा साप सापडला, तर फांदी छाटायची. झालं.

राहिले नाग आणि घोणस. नागाचं गणित धामणीसारखंच, उंदीर आणि बिळं. घोणशीबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण आपल्या टेकड्यांच्या भागात खरा घोर तिचाच आहे.

"आठवड्यात तिसरी घोणस!"

हा फोन दरवर्षी जून-जुलैत येतो. आकार विचारला तर वीतभर, फार तर सव्वा वीत. घोणस अंडी घालत नाही, पिल्लं देते, साधारण मे ते जुलैच्या सुमारास, आणि एका वेळी वीस ते चाळीस, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे एक मादी तुमच्या कुंपणापाशी व्याली तर पुढचे काही आठवडे पिल्लं इकडेतिकडे सापडत राहणार. पिल्लाला जन्मापासून विष असतं. लोक त्याला अजगराचं पिल्लू किंवा निरुपद्रवी डुरक्या घोणस समजून झाडूने सुपलीत भरतात, तिथे दंश होतो. पाठीवर साखळीसारख्या जोडलेल्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा फुत्कार, एवढं प्रत्येक घरकाम करणाऱ्या मावशींना आणि माळीकाकांना चित्र दाखवून शिकवा.

हिवाळ्यात दिसणाऱ्या घोणशीचं कारण वेगळं. तो जोडीचा हंगाम असतो, आणि थंडीत ती उन्हाला येऊन पडते. डिसेंबरमध्ये सकाळी दहा वाजता वॉकिंग ट्रॅकवर घोणस दिसली म्हणून सोसायटीत घोणशींचा सुळसुळाट झाला असं होत नाही. तेवढे दिवस ट्रॅकच्या कडेचं गवत कमी ठेवा आणि चालताना मोबाइलमधून डोकं वर काढा.

आता ती राहते कुठे? टेकडी कापून बांधलेल्या सोसायट्यांच्या मागे उंच रिटेनिंग वॉल असते. मागचं पाणी निघून जावं म्हणून तिच्यात ओळीने पाइप सोडलेले असतात. साइटवर त्यांना वीप होल म्हणतात. पावसाळ्यात भिंत शेवाळते. उजेडात त्या पाइपांची तोंडं एकेक करून बघा. बहुतेक तोंडांवर शेवाळाची कड अखंड असते, क्वचित कोळ्याचं जाळं असतं. एखाद्याच तोंडाची खालची कड घासून स्वच्छ झालेली दिसते, आणि नशीब असेल तर पाइपच्या खडबडीत कडेला कातीचा पातळ तुकडा अडकलेला सापडतो. तो पत्ता. तिथे हात, काठी, पाण्याचा पाइप काही घालायचं नाही. आधी सर्पमित्राला दाखवायचं, आणि भोक रिकामं असल्याची खात्री झाल्यावर सगळ्याच पाइपांना बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवायची. पाणी निघालं पाहिजे, म्हणून सिमेंटने बुजवू नका. बुजवलीत तर भिंतीमागे पाणी साचेल आणि मग सापापेक्षा मोठा प्रश्न उभा राहील.

भिंतीच्या पायथ्याशी काय पडलंय तेही बघा. फ्लॅटचं रिनोव्हेशन झाल्यावर उरलेल्या टाइल्स, फुटकं कमोड, जुन्या दारांच्या चौकटी. "लागतील कधीतरी" म्हणून ठेवलेल्या टाइल्सच्या थप्पीखाली गारवा असतो, ओल असते, उंदीर असतात. सापाला याहून चांगली जागा टेकडीवरसुद्धा मिळणार नाही. हा राडारोडा मेपर्यंत उचलला पाहिजे. जुलैत उचलायचा तर गमबूट, जाड हातमोजे आणि लांब दांड्याचं फावडं, आणि वरून एकेक टाइल. खाली बोटं घालून थप्पी उचलायची नाही.

जे करून उपयोग नाही

कार्बोलिक अ‍ॅसिडने साप येत नाही हा समज कसा पसरला कोण जाणे. त्याने माणसाची कातडी भाजते, कुत्र्या-मांजरांचे पाय भाजतात. साप बाजूने निघून जातो. डांबराच्या गोळ्या, गंधक, लसणाचं पाणी, मिठाची रेघ यांचंही तेच. आवाज करून साप पळवणारी यंत्रं मिळतात. सापाला बाहेरचा कान नसतो, त्याला जमिनीतली थरथर आणि खालच्या पट्टीतले आवाज कळतात. माणसालाही ऐकू न येणारी शिट्टी त्याला काय कळणार? पेस्ट कंट्रोलची फवारणी झुरळांसाठी असते.

नायलॉनची जाळी कुंपणाला लावू नका, साप तिच्यात अडकून कापला जातो आणि तडफडणाऱ्या नागाला सोडवणं हा सगळ्यात वाईट प्रकार आहे. उंदरांसाठी चिकट पुठ्ठे ठेवता, त्यावर उंदरामागे आलेला साप चिकटतो, तेही तसंच. आणि मारलेल्या नागाचा जोडीदार सूड घ्यायला येतो म्हणून कुणी शांत करायला सांगितली असेल तर खुशाल करा, पण दुसरा नाग आला तो त्याच उंदरांसाठी आला.

मारणं हा पर्यायही नाहीच. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. शिवाय माझ्या माहितीतले बरेच दंश साप मारायला गेलेल्यांना किंवा मेलेला समजून उचलणाऱ्यांना झालेत.

उंदीर: इथे वेळ घाला

पुन्हा पुन्हा येणाऱ्या सापांचं मूळ शोधत गेलं की बहुतेक सोसायट्यांत आपण कुणाच्या तरी खाण्याच्या सवयीपाशी येऊन थांबतो. ओल्या कचऱ्याचे डबे रात्री जिन्याखाली. सकाळी आजोबा कबुतरांना ज्वारी टाकतात. कबुतरं निम्मी खातात, निम्मी रात्री उंदीर. भटक्या कुत्र्यांसाठी ठेवलेला भात उरतो. आणि खत प्रकल्प. तो हवाच, पण उघड्या खड्ड्यात शिजलेलं अन्न पडत असेल तर ती उंदरांची खानावळ आहे, आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंडी घालायलाही सोयीची असते. खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना जाळी, वर घट्ट झाकण, शिजलेलं अन्न कोरड्या पाल्याखाली झाकलेलं, एवढं पाळलं तरी फरक पडतो. उलथापालथ करताना लांब दांड्याचा पंजा वापरायचा, हात नाही.

बिळं चालू आहेत की जुनी, हे कळायला साधी युक्ती आहे. संध्याकाळी वर्तमानपत्राचा बोळा लांब काठीने बिळाच्या तोंडात बसवायचा. सकाळी बोळा बाहेर ढकललेला असेल तर बीळ चालू. तोंडाशी ताज्या मातीचा मोठा ढीग असेल तर घूस. चालू बिळांची जागा रजिस्टरातल्या सापांच्या जागांशी ताडून बघा. जिना, कचऱ्याची खोली, ज्वारीचा कट्टा आणि साप दिसलेला खांब एका रेषेत येतात तेव्हा मीटिंगमध्ये वाद घालायला फारसं उरत नाही. तरीही आजोबांना ज्वारी बंद करा म्हणून सांगणं नाग पकडण्यापेक्षा अवघड आहे. ते काम चेअरमन काकांनी करावं, माझ्यावर ढकलू नये.

विषारी गोळ्या शेवटचा उपाय ठेवा. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, मांजर खातं, आणि फुकट काम करणारी तीच मंडळी मरतात. उंदराच्या मादीला तीनेक आठवड्यांत पिल्लं होतात आणि ती पिल्लं काही महिन्यांत स्वतः वितात. खाणं चालू ठेवून नुसते पिंजरे लावले तर पिंजऱ्यांचा खर्च तेवढा चालू राहतो.

फटी

बोट जाईल अशा फटीतून लहान साप जातो. तळमजल्यावरच्या दारांखाली रबरी किंवा ब्रशची पट्टी लावा. वॉशिंग मशीनचा पाइप घालायला नहाणीची जाळी काढून ठेवलेली असते, ती जवळजवळ प्रत्येक घरात. त्या पाइपच्या मापाचं भोक असलेली जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. डक्टमधल्या ड्रेनेजच्या चेंबरची फुटकी झाकणं, लिफ्टचा खड्डा, जनरेटरच्या केबलसाठी भिंतीला पाडलेलं आणि मग विसरलेलं भोक, मुख्य गेटखालची जागा. प्लंबर आणि वॉचमन यांना घेऊन एकदा अंधार पडल्यावर टॉर्चने फिरा. आत दिवा लावला की बाहेरून फटी दिसतात.

पकडणारा कोण आहे ते बघा

वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. सर्पमित्र बोलावणार असाल तर तो पकडलेल्या सापाची वनविभागाकडे नोंद करतो का आणि साप कुठे सोडतो, हे विचारा. नाग हातात धरून मुलांना शेपटीला हात लावू देणारा, फणा काढायला लावून व्हिडिओ करणारा माणूस पुन्हा बोलावू नका. साप लांब नेऊन सोडला म्हणजे प्रश्न लांब गेला असंही नाही. अनोळखी जागी साप लपायला जागा शोधत भटकतो आणि बऱ्याचदा मरतो. जवळच्या योग्य जागी सोडणं बरं.

दंश झालाच तर

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे, बहुतेक खेड्यांतली. शहरात दवाखाना जवळ असतो. तो फायदा मंत्र, जडीबुटी किंवा "बघू, बिनविषारी असेल" यात घालवू नका.

घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाहीत. हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू न देता ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. दंशाची वेळ लिहून घ्या. साप मारून सोबत न्यायची गरज नाही: आपल्याकडचं प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असतं आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार ठरवतात. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक.

प्रतिसर्पविष प्रत्येक खाजगी रुग्णालयात असतंच असं नाही. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात ते मिळतं. जूनच्या आधी कमिटीतल्या कुणीतरी जवळच्या रुग्णालयांना फोन करून दोन प्रश्न विचारावेत: प्रतिसर्पविष आहे का, आणि व्हेंटिलेटर आहे का. मण्यारीच्या आणि नागाच्या दंशात श्वास बंद पडतो, म्हणून दुसरा प्रश्न. उत्तरं लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावा.

सगळं केलं, तरी येतोय

मग कुंपणापलीकडे बघा. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम सुरू झालं की तिथले सगळे रहिवासी एकदमच बाहेर पडतात, आणि एक पावसाळा तुम्हाला त्रास होणारच. मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं गवत आणि कुणीतरी रात्री आणून टाकलेला राडारोडा असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला फोटोंसकट पत्र द्या, पोच घ्या. रजिस्टरातल्या नोंदींची झेरॉक्स जोडा. "साप फार झालेत" यापेक्षा तारखांची यादी जास्त काम करते. आपल्या बाजूने भिंतीलगतची मीटरभर पट्टी गवत न उगवणारी ठेवा, खडी टाकली तरी चालेल. उघड्यावरून जायला साप बिचकतो आणि गेलाच तर वॉचमनला दिसतो.

आणि रजिस्टर चाळल्यावर असं दिसलं, की वर्षभरात फक्त एक धामण कधीमधी मागच्या भिंतीच्या कडेने जाते, बिळं बंद आहेत, कचरा झाकलेला आहे, तर मला फोन करू नका. वेळ लिहा, मुलांना बाजूला घ्या आणि तिला जाऊ द्या.